अहिफेन आणि शरीराचे रक्षक



माघ महिना लागला म्हणजे माळव्यात मंदसौर, नीमच, रतलाम या बाजूच्या शेतांत अफूची पांढरी फुले डोलू लागतात. फुले गळून बोंडे भरली की शेतकरी दुपारच्या प्रहरी त्या बोंडांना बारीक उभ्या चिरा देतो. रात्रभर त्यांतून दुधासारखा चीक पाझरतो, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढण्यापूर्वी, काळपट झालेला तो चीक हलक्या हाताने खरवडून घेतला जातो. हे पीक मनात आले म्हणून कोणासही पेरता येत नाही. त्यास सरकारी परवाना लागतो, आणि परवाना देणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्य ठाणे ग्वाल्हेरीस आहे. काढलेला सर्व चीक सरकारासच द्यावा लागतो. एकोणिसाव्या शतकात याच प्रांतातील, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखातील, ‘माळवी अफू’ मुंबई बंदरातून चीन देशाकडे जात असे. तेव्हा माळवा आणि मध्यभारतात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांस ही वनस्पती परकी नाही. पाहुण्याच्या ओंजळीत पाण्यात कालवलेला कसुंबा घालण्याची चाल त्यांच्या पूर्वजांनी शेजारी पाहिली. आणि कामावर जाणाऱ्या आयांनी रडणाऱ्या लेकरास अफूची बाळगोळी चाटवून निजविल्याच्या कथा तर मुंबईपासून सर्वत्र ऐकू येतात.

ज्या द्रव्याने रडते मूल निजते, थकलेल्या देहास हुशारी येते, शस्त्राची जखम सोसवते, ते द्रव्य शरीरात नेमके काय करते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्यातही दोनच अंगांचा विचार येथे करावयाचा आहे. संकटसमयी शरीरात जे अंतःस्राव उसळतात, त्यांचे अफूने काय होते? आणि बाहेरून येणाऱ्या रोगजंतूंशी लढणारी जी पांढऱ्या पेशींची फौज रक्तात फिरत असते, तिचे काय होते? ही दोन अंगे वरवर भिन्न भासतात. परंतु त्यांचे मूळ एकाच घरात आहे, हे पुढे दिसून येईल.

आरंभी आपल्या ग्रंथांकडे वळणे उचित होईल. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत अफूचा उल्लेख नाही. मध्ययुगात हे द्रव्य आपल्या वैद्यकात शिरले, आणि शार्ङ्गधराच्या संहितेत व पुढे सोळाव्या शतकातील भावप्रकाशात ते ‘अहिफेन’ या नावाने स्थिरावले. शार्ङ्गधराने द्रव्यांच्या गुणांचे जे वर्गीकरण केले आहे, त्यात ‘व्यवायी’ नावाचा एक वर्ग आहे. बहुतेक द्रव्ये आधी पचतात आणि मग देहभर पसरतात. व्यवायी द्रव्य आधी सर्व देहात पसरते आणि मग पचते. याची उदाहरणे म्हणून शार्ङ्गधराने भांग आणि अहिफेन ही दोन द्रव्ये सांगितली आहेत. हे निरीक्षण मार्मिक आहे यात शंका नाही. मात्र त्यावरून आधुनिक शास्त्राने शोधिलेले सर्व काही पूर्वाचार्यांस ठाऊकच होते असे म्हणणे, हा पूर्वाचार्यांचा गौरव नसून आपल्या आळसाचे मंडन होय. त्यांनी जे डोळ्यांनी पाहिले ते नेमक्या शब्दांत लिहून ठेविले. देहात ते कोठे व कसे पसरते, हे पाहण्याची साधने नंतर आली.

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकाअखेर अफूसंबंधी एक मोठा वाद माजला होता. ब्रिटिश सरकारने १८९३ साली अफूच्या चौकशीसाठी एक शाही आयोग नेमला, आणि त्याने १८९५ साली आपले निवेदन सादर केले. हिंदुस्थानातील पुष्कळ साक्षीदारांनी आयोगापुढे असे प्रतिपादन केले की, हिवतापाच्या मुलखात अफू खाणाऱ्यास ताप कमी बाधतो, सबब अफू हे तापापासून राखण करणारे औषध आहे. हा समज लोकांत दृढ होता, आणि महसुलाच्या दृष्टीने सरकारास तो गैरसोयीचाही नव्हता. योगायोग असा की, त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९८ साली, पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या वार्षिकांत कांताकुझेन नावाच्या रुमानियन शास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूस गिळून टाकतात हा सिद्धांत मांडणारे मेच्निकॉफ हे त्याचे गुरू. कांताकुझेनाने गिनीपिग नावाच्या लहान प्राण्यांस अफू देऊन मग त्यांच्या देहात पटकीच्या जातीचे जंतू सोडले. अफू न दिलेल्या प्राण्यांत पांढऱ्या पेशी लगबगीने जंतूंवर तुटून पडत. अफू दिलेल्या प्राण्यांत त्या जणू पेंगत राहत, वेळेवर पोहोचत नसत. आणि प्राणी दगावत. अफू तापाची जाणीव बोथट करीत असेल, परंतु तापाच्या कारणाशी झगडणाऱ्या पहारेकऱ्यांसही ती झोपवते, असा याचा अर्थ होतो. ज्यास अंगदुखी, कापरे आणि तळमळ जाणवत नाही, त्यास ताप कमी झाला असेच वाटणार. साक्षीदार खोटे बोलत होते असे म्हणण्याचे कारण नाही.

हा निबंध पुढे कित्येक दशके विस्मृतीत गेला. दरम्यान दुसऱ्याच वाटेने चाललेला एक शोध त्याच ठिकाणी येऊन पोहोचला. १९३६ साली कॅनडातील हान्स सेल्ये या वैद्यकसंशोधकाने ‘नेचर’ या नियतकालिकात एक लहानसे पत्र लिहिले. उंदरांस कडक थंडीत ठेवा, त्यांना अतिश्रम करावयास लावा, शस्त्राने जखम करा, अथवा एखादे विषारी द्रव्य टोचा. कारणे वेगवेगळी असली तरी देहात घडणारा फेरफार एकच, असे त्यास आढळून आले. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी फुगतात, आणि पांढऱ्या पेशींचे माहेर असलेली छातीतील यौवनलोपी ग्रंथी आणि प्लीहा ही सहा ते अठ्ठेचाळीस तासांच्या आत आकसू लागतात. आज जगभर ज्यास ‘ताण’ म्हणतात, त्या कल्पनेचा उगम या पत्रात आहे. सेल्येने उंदरांस जी द्रव्ये टोचली त्यांची नावे त्या पत्रात दिलेली आहेत, आणि त्या यादीत मॉर्फिनही आहे! अफूच्या चिकातील मुख्य सत्त्व ते मॉर्फिन. जर्मनीतील सेर्ट्युर्नर नावाच्या तरुण औषधविक्रेत्याने ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेगळे काढले आणि ग्रीक लोकांच्या स्वप्नदेवतेवरून त्यास नाव दिले. स्वप्नदेवतेच्या नावाचे हे द्रव्य, ज्यास सर्व जग शांतवणारे म्हणून ओळखते, ते सेल्येच्या उंदरांच्या देहात मात्र थंडी आणि जखम यांच्या पंक्तीस बसून ताणाचे कारण ठरले. हा विरोधाभास चांगलाच ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्याच्याच उलगड्यासाठी आहे.

हा उलगडा होण्यास आणखी चाळीस वर्षे जावी लागली. १९७३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी, न्यूयॉर्क येथे एरिक सायमन यांनी आणि स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस यांनी, जवळजवळ एकाच वेळी, मेंदूतील पेशींवर अफूच्या सत्त्वासाठी नेमकी जागा असल्याचे दाखविले. कुलपात किल्ली बसावी तसे मॉर्फिन त्या जागेत बसते. आता साहजिकच प्रश्न उद्भवला. खसखशीच्या झाडाच्या चिकासाठी माणसाच्या मेंदूत कुलूप घडविण्याचे प्रयोजन काय? कुलूप असेल तर त्याची मूळ किल्ली शरीरातच असली पाहिजे. १९७५ साली स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून अशी किल्ली काढून दाखविली. पुढल्याच वर्षी कॅलिफोर्नियात चो हाओ ली यांना उंटांच्या पोषग्रंथीत आणखी एक, अधिक सामर्थ्यवान किल्ली सापडली. तिचे नाव बीटा-एन्डॉर्फिन. वाळवंटातील प्राण्याच्या डोक्यात दडलेली ही अफू माणसाच्या डोक्यातही आहे.

या ठिकाणी जरा थांबून शरीराची संकटकाळची व्यवस्था कशी आहे हे पाहिले पाहिजे. मेंदूच्या तळाशी एक लहानसा भाग असून तो सर्व देहाची वार्ता घेत असतो. जखम, भीती, उपास, जंतूंचा हल्ला, काहीही अघटित घडले की तो आपल्या खाली लोंबणाऱ्या पोषग्रंथीस निरोप धाडतो. वाटाण्याएवढी ही ग्रंथी रक्तात एक स्राव सोडते. त्याचे लांबलचक इंग्रजी नाव बाजूस ठेवून त्यास ‘अधिवृक्कप्रेरक’ म्हणता येईल. हा निरोप अधिवृक्क ग्रंथींस पोहोचला की त्या कॉर्टिसॉल नावाचा अंतःस्राव ओततात. कॉर्टिसॉल रक्तातील साखर वाढवते, रक्तदाब सावरते, आणि दाह आटोक्यात ठेवते. पांढऱ्या पेशींस मोकळे सोडले तर त्या शत्रूबरोबर घरही जाळतील. त्यांना लगाम घालण्याचे काम याच स्रावाकडे आहे. आणि काम झाल्यावर कॉर्टिसॉल स्वतःच वर जाऊन ‘आता पुरे’ असे मेंदूस कळवते. निरोगी माणसात याची रोजची भरती-ओहोटीही ठरलेली असते. पहाटे जाग येण्याच्या सुमारास भरती, मध्यरात्रीच्या आसपास ओहोटी. ही घडी जितकी नीट, तितके शरीर संकटास वेळेवर उभे राहते आणि वेळेवर विसावते.

१९७७ साली या व्यवस्थेतील सर्वांत नवलाची गोष्ट उजेडात आली. शरीराची घरची अफू, म्हणजे बीटा-एन्डॉर्फिन, आणि धोक्याची हाक देणारा अधिवृक्कप्रेरक स्राव, हे दोन्ही एकाच मोठ्या प्रथिनाचे तुकडे आहेत, असे सिद्ध झाले. एकाच मातेची ही दोन लेकरे. त्याच वर्षी रोझे ग्युमँ यांच्या प्रयोगशाळेने असेही दाखविले की, उंदीर संकटात सापडला म्हणजे पोषग्रंथी ही दोन्ही द्रव्ये बरोबरच रक्तात सोडते. हाक आणि हुंकार एकाच श्वासात! दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टरास असे आढळले होते की, मोठमोठ्या जखमा झालेल्या सैनिकांपैकी बरेचसे वेदनाशामक मागतच नव्हते. बीचरने स्वतः याचे कारण मनात शोधले. रणातून जिवंत सुटल्याचे समाधान हे ते कारण. परंतु समाधानासही देहात काही हस्तक लागतो, आणि तो हस्तक कोण याचा तर्क आता करता येतो. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांस औषधाच्या नावाने निव्वळ खारे पाणी दिले असता काहींचे दुखणे खरोखर कमी झाले. आणि अफूचे कुलूप अडविणारे नॅलोक्सोन हे द्रव्य दिल्यावर ते दुखणे परतले. येथे भाविक श्रोत्यांच्या मनात विश्वासाच्या सामर्थ्याचा विचार येणे स्वाभाविक आहे. तो येऊ द्यावा, परंतु या एका प्रयोगावर फार मोठा मंडप उभारू नये.

घरच्या अफूचे वैशिष्ट्य हे की ती मोजून येते, प्रसंग पाहून येते, आणि काम होताच विरून जाते. बाहेरची अफू या तीनही गोष्टी जाणत नाही. ती येते ती एकदम, आणि देहातील सर्व कुलपे एकाच वेळी उघडते. माणसास मॉर्फिन टोचले तर अधिवृक्कप्रेरक स्राव आणि कॉर्टिसॉल दोन्ही खाली उतरतात. उंदरांत मात्र असे स्राव चढतात. उंदीर आणि माणूस यांच्यात या बाबतीत असा उलट फरक आहे, आणि हा फरक न जाणता उंदरांवरील प्रत्येक निष्कर्ष माणसास चिकटविणाऱ्यांनी पुष्कळ घोटाळा केलेला आहे. परंतु माणसातही गोष्ट येथे संपत नाही. चार-सहा तासांत अफूचा अंमल ओसरू लागला की दाबून धरलेली व्यवस्था स्प्रिंगसारखी उसळते. जांभया, डोळ्यांनाकांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, काळजाची धडधड, झोपेचा नाश. ज्यांनी एखाद्या अमली म्हाताऱ्यास अफूवाचून एक दिवस काढताना पाहिले आहे, त्यांस हे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. त्या वेळी त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल आणि इतर ताणाचे स्राव कडेलोट होऊन वाहत असतात. त्यास पुन्हा अफू मिळाली की सर्व काही शमते. तो म्हणतो, ‘अफूने बरे वाटले’. वस्तुतः अफूने आणलेले संकट अफूने तात्पुरते मिटविलेले असते. शांतीसाठी घेतलेले द्रव्य देहास दिवसातून तीन-चार वेळा रणांगणात नेऊन उभे करते, हा सेल्येच्या यादीचा माणसापुरता अर्थ होय.

मग यावर उपाय? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल, मेरी निस्वांडर आणि मेरी जीन क्रीक या तिघांनी १९६४ च्या सुमारास हेरॉइनच्या आहारी गेलेल्या रोग्यांस मेथाडोन नावाचे औषध देण्यास आरंभ केला. हेही अफूच्याच जातीचे, परंतु तोंडाने घ्यावयाचे, आणि त्याचा अंमल चोवीस तास एकसारखा टिकणारा. व्यसन्यास व्यसनाचेच द्रव्य देणे हे पुष्कळांस अधर्म्य वाटले, आणि आजही वाटते. क्रीक यांनी २०२१ साली निधन होईपर्यंत जवळजवळ साठ वर्षे या एकाच प्रश्नावर काम केले. त्यांनी कॉर्टिसॉलची निर्मिती क्षणभर अडवून पोषग्रंथी किती जोराने हाक देते याची परीक्षा घेतली. हेरॉइन घेणाऱ्यांत ही हाक क्षीण निघाली. सर्व काही सोडलेल्या कित्येकांत ती अतोनात मोठी निघाली, म्हणजे देह अजूनही जराशा चाहुलीने दचकत होता. आणि मेथाडोनवर दीर्घकाळ स्थिर राहिलेल्यांत ती निरोगी माणसासारखी निघाली. यातून एक फार महत्त्वाची गोष्ट समजते. अपाय केवळ द्रव्याच्या जातीत नाही; तो त्याच्या चढउतारात आहे. जो माणूस निश्चय करून अफू सोडतो आणि काही महिन्यांनी एखाद्या दुःखाच्या प्रसंगी पुन्हा तिच्याकडे वळतो, त्यास आपण दुर्बळ मनाचा म्हणतो. त्याची पोषग्रंथी अजून शांत झालेली नाही, हे आपणांस दिसत नाही.

आता पांढऱ्या पेशींच्या फौजेकडे वळावयाचे. १९७९ साली बेल्जियममध्ये जोसेफ विब्रां व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या रक्तातील काही पांढऱ्या पेशींवरही अफूची कुलपे असावीत असा पुरावा पुढे आणला. पुढे जर्मनीत क्रिस्टोफ स्टाइन यांनी दाखविले की, सुजलेल्या जागी धावणाऱ्या या पेशी घरची अफू बरोबर घेऊन जातात आणि तेथे ती सोडून वेदना कमी करतात. लढणारा शिपाईच कमरेला औषधाची पुडी बांधून निघावा, असा हा प्रकार आहे. तेव्हा बाहेरच्या अफूचा पेशींशी संबंध दोन वाटांनी येतो. एक वाट मेंदूतून, ताणाच्या स्रावांमार्फत, दुसरी थेट. सहस्र कुलपांपैकी कोणते कुलूप यास मुख्यतः जबाबदार, याचा निकाल स्ट्रासबर्ग येथील संशोधकांनी १९९८ साली दिला. अफूचे ‘म्यू’ नावाचे मुख्य कुलूपच जन्मतः नसलेले उंदीर त्यांनी तयार केले होते. साध्या उंदरांस दीर्घकाळ मॉर्फिन दिले असता त्यांची यौवनलोपी ग्रंथी व प्लीहा आकसली आणि जंतुग्रस्त व बिघडलेल्या पेशींस मारणाऱ्या ‘मारक पेशी’ ढिल्या पडल्या. कुलूप नसलेल्या उंदरांत यांतले काहीच झाले नाही. ज्या कुलपाने वेदना शमते, त्याच कुलपाने रक्षकही झोपतात. दोन परिणाम वेगळे काढणे म्हणूनच कठीण आहे.

माणसात याचा पडताळा कसा येतो? १९८९ साली क्रीक यांच्या सहकाऱ्यांनी हेरॉइन टोचून घेणाऱ्यांच्या मारक पेशी तपासल्या. त्या मंद होत्या. मेथाडोनवर कित्येक वर्षे स्थिर असलेल्यांच्या मारक पेशी निरोग्यांसारख्या होत्या. अर्थात सुईची अस्वच्छता, उपासमार आणि उघड्यावरचे जिणे यांचाही वाटा पहिल्या गटाच्या दुर्दशेत असणारच, तो वजा करणे सोपे नाही. डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या औषधांसंबंधी २०१८ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यातून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसदाहाच्या जंतूने रक्तापर्यंत शिरकाव केलेले १,२३३ रोगी आणि त्यांच्याशी जुळणारी चोवीस हजारांवर माणसे यांची तुलना केली असता, त्या सुमारास अफूजन्य वेदनाशामक घेणाऱ्यांत या गंभीर रोगाची शक्यता १.६२ पट आढळली. मोठी मात्रा व दीर्घ अंमलाची औषधे घेणाऱ्यांत त्याहूनही अधिक. अफूने खोकला दबतो, गुंगी येते, छातीतील कफ बाहेर पडत नाही, हीदेखील याची कारणे असू शकतात. सर्व दोष पांढऱ्या पेशींच्या माथी मारण्याची घाई नको.

आतड्यांची गोष्ट वैद्यकप्रेमी श्रोत्यांस अधिक रुचेल. अतिसारावर अहिफेन हे आपल्या वैद्यांचे हुकमी औषध. ते आतड्यांची हालचाल थोपविते म्हणून जुलाब बंद होतो. परंतु हीच थोप दीर्घकाळ राहिली की आतड्यातील जंतू साचतात. अमेरिकेत सबिता रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली उंदरांत दाखविले की, मॉर्फिनने आतड्याच्या भिंतीतील पेशींचे सांधे सैल होतात आणि आतले जंतू भिंत ओलांडून देहात शिरतात. म्हणजे फौज झोपलेली आणि तटबंदीस भगदाड, अशी दुहेरी स्थिती. माणसात हे किती प्रमाणात घडते हा वेगळा प्रश्न आहे. परंतु जुनाट मलावरोध असलेला अफूबाज वारंवार आजारी का पडतो, याचा काहीसा बोध यातून होतो.

येथवरचे विवेचन ऐकून कोणी असा निश्चय करील की, घरात कर्करोगाने तळमळणारा माणूस असला तरी त्यास मॉर्फिन देऊ नये, कारण त्याची प्रतिकारशक्ती जाईल. या विचारापायी आजवर पुष्कळ जीव विनाकारण तळमळत गेले आहेत, म्हणून त्याचे निरसन सविस्तर केले पाहिजे. वेदना हीच एक मोठी आपत्ती आहे. न शमलेली वेदना रात्रंदिवस मेंदूस हाक देत राहते, कॉर्टिसॉल चढते, झोप उडते, अन्न जात नाही, आणि मारक पेशी त्यामुळेच ढिल्या पडतात. १९९३ साली पेज, बेन-एलियाहू, यिर्मिया आणि लीबेस्किंड यांनी शस्त्रक्रिया केलेल्या उंदरांवर प्रयोग केला. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने त्यांच्या देहात कर्करोगाच्या पेशी अधिक पसरत. ज्यांना मॉर्फिन देऊन वेदना कमी केली, त्यांच्यात हा प्रसार घटला. रक्षकांस झोपवणारे द्रव्यच येथे रक्षकांच्या साह्यास आले! कारण उघड आहे. निरोगी, वेदनाहीन देहास दिलेली अफू आणि वेदनेने होरपळणाऱ्या देहास मोजून दिलेली अफू या एकच गोष्ट नव्हेत. देहात आग लागलेली नसताना ओतलेले पाणी घर भिजवते. आग लागली असता तेच ओतावे लागते.

आपल्या देशात १९८५ साली अमली द्रव्यांचा कायदा कडक झाला. हेतू स्तुत्य होता, परंतु कारकुनी परवान्यांच्या जाळ्यामुळे रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. ज्या देशातील शेतकरी जगाच्या औषधासाठी अफूचा चीक काढतो, त्याच देशात कर्करोगाचा रोगी अखेरच्या घटका किंचाळत काढतो, अशी लाजिरवाणी अवस्था झाली. केरळात १९९३ पासून कालिकत येथे उपशामक सेवेची जी चळवळ उभी राहिली, तिने तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन गावोगाव रोग्यांच्या बिछान्यापर्यंत नेले. त्यातून तेथे व्यसनाची साथ पसरली नाही. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन अत्यावश्यक अमली औषधांसाठी सर्व राज्यांना एकच सुलभ नियम लागू झाला. तथापि नियम सुलभ झाला म्हणजे डॉक्टरांच्या आणि नातेवाइकांच्या मनातील भीती गेली असे नव्हे. ‘मॉर्फिन सुरू केले म्हणजे संपलेच’, असे म्हणून औषध कपाटात ठेवणारे मुलगे आणि सुना आजही घरोघर आढळतात.

अशा घरांत औषध कसे द्यावयाचे, यासंबंधी वरील विवेचनातून थोडे व्यवहार्य हाती लागते. वेदना उसळण्याची वाट पाहत बसून मग मात्रा देऊ नये. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, घड्याळ पाहून, ठरलेल्या अंतराने द्यावी. चढउतार जितका कमी, तितका ताणाच्या स्रावांचा उपद्रव कमी. मलावरोधाचे औषध पहिल्या दिवसापासून बरोबर द्यावे. ताप, खोकला, लघवीची जळजळ यांकडे दुर्लक्ष करू नये, कारण मॉर्फिन घेणाऱ्याच्या देहात जंतूंची चाहूल उशिरा उमटते. वृद्ध रोग्यास फुप्फुसदाहाची लस देण्याविषयी डॉक्टरांस विचारावे. दीर्घकाळ औषध घेणाऱ्यास सतत मळमळ, अन्नावर वासना नसणे, अतिशय थकवा, उठताना घेरी व रक्तदाब उतरणे अशी लक्षणे दिसू लागली, तर ती केवळ मूळ रोगाची न समजता कॉर्टिसॉलची तपासणी करून घ्यावी. अधिवृक्क ग्रंथी मंदावण्याचा हा प्रकार विरळा असला तरी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली त्याविषयी सर्व डॉक्टरांस सावध केले आहे, आणि वेळेवर कळल्यास त्यावर उपचार आहे. शस्त्रक्रियेनंतरचे चार-आठ दिवसांचे औषध दुखणे सरताच बंद करावे, उरलेल्या गोळ्या ‘पुन्हा लागतील’ म्हणून डब्यात जपून ठेवू नयेत. आणि ज्याने महिनोन्‌महिने औषध घेतले आहे, मग तो रोगी असो की व्यसनी, त्याचे औषध कोणी रागाने अथवा धर्मबुद्धीने एका दिवसात तोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा थोडथोडी उतरवीत न्यावी. यास काही आठवडे लागतात, कित्येकांस महिने लागतात. तेवढ्या अवधीत पोषग्रंथी आपली पहाटेची भरती पुन्हा शिकते.